निवळणं

आमच्या विहिरीत डिझेल उतरलं ते १९८९ साल. मी नऊ वर्षांची होते.

गाव खटाव तालुक्यातलं, कोरडवाहू. विहीर वीस फूट रुंद, पन्नासेक फूट खोल. वरचा पंधरा फुटांचा थर मुरमाचा, त्याखाली मांजऱ्या खडक, त्याखाली काळा पाषाण. काठावर इंजिनघर म्हणजे तीन भिंती आणि वर पत्रा. वीज आली होती, पण तिचा भरवसा नव्हता, म्हणून आबांनी इंजिन विकलं नव्हतं. कोपऱ्यात दोनशे लिटरचं डिझेलचं पिंप आडवं ठेवलेलं असायचं. त्या फेब्रुवारीत पिंपाची तोटी ठिबकायला लागली. किती दिवस ठिबकत होती कुणाला पत्ता नाही, कारण खाली फरशी नव्हती, नुसता मुरूम होता. मुरमानं सगळं निमूटपणे पिऊन टाकलं. तात्या इंजिन चालू करायला गेले तेव्हा पिंप निम्म्याहून रिकामं होतं. चोरी झाली असं समजून त्यांनी दोन दिवस वस्तीवरच्या एका गरीब माणसावर संशयही घेतला.

खरा चोर सापडला तो आजीला. सकाळी कळशी भरून आणली, तोंडाशी नेली आणि खाली ठेवली. "पान्याला कसला वास येतोय गं?" आम्ही पोरं धावत विहिरीवर गेलो. पाण्यावर मोरपिशी, जांभळे, सोनेरी पट्टे हळूहळू फिरत होते. मला ते फार सुंदर वाटलं होतं. आज माझं पोट ज्या कामावर चालतं त्यात हा रंग दिसणं म्हणजे वाईट बातमी, तरी पहिल्या क्षणी मला तो अजूनही सुंदरच वाटतो.

मग गावानं उपचार केले. तात्यांनी कडब्याच्या पेंढ्या दोराला बांधून पाण्यावर फिरवल्या. त्यांना तवंग चिकटला आणि बऱ्यापैकी वर निघाला. (हे उत्तम झालं. समुद्रात तेल सांडतं तेव्हा याच तत्त्वावर तेल शोषणारे लांबलचक पट्टे पाण्यावर पसरतात आणि त्यांचं बिल डॉलरमध्ये येतं.) ग्रामसेवक टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या क्लोरीनच्या भुकटीची, पिशवी घेऊन आले आणि त्यांनी ती विहिरीत रिकामी केली. डिझेलवर तिचा काडीचाही परिणाम होत नाही, पण काहीतरी केल्याचं समाधान गावाला मिळालं. मग तीन दिवस, तीन रात्री विहीर उपसली. तळ दिसला, झऱ्यांतून स्वच्छ पाणी आलं, आबांनी ओंजळभर पिऊन दाखवलं. विहीर साफ झाली असं सगळ्यांनी मान्य केलं.

आजीनं केलं नाही. "निवळू दे अजून," एवढंच ती म्हणाली आणि प्यायचं पाणी शेजारच्या मळ्यातून आणत राहिली.

जूनमध्ये पाऊस लागला, विहीर चढायला लागली आणि वास परत आला. उन्हाळ्यात कमी झाला, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा आला, जरा हलका. तिसऱ्या वर्षी फक्त आजीला यायचा. आम्ही तिची चेष्टा करायचो. चौथ्या वर्षी एका सकाळी तिनं विहिरीचं पाणी माठात भरलं. निवळलं पाणी, असं तिनं कुणाला सांगितलंही नाही.

तो वास पावसाबरोबर परत का येत होता, याचं उत्तर मला सोळा वर्षांनी अमेरिकेतल्या मिनेसोटात एका वर्गात मिळालं. इंधन पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे जमिनीतून झिरपत ते भूजलाच्या पातळीपर्यंत जातं आणि तिथे तरंगतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते एखाद्या तळ्यासारखं तिथे साचून राहत नाही. पाणी पावसाळ्यात वर येतं, उन्हाळ्यात खाली जातं आणि तेल त्याच्यासोबत वरखाली होत वाटेतले सगळे कण माखत सुटतं. जमिनीत असा एक माखलेला पट्टा तयार होतो. तेलाचे बारीक थेंब दोन कणांच्या मधल्या फटीत अडकतात आणि मग कितीही उपसा केला तरी हलत नाहीत. आमच्या विहिरीतलं पाणी साफ झालं होतं, मुरूम झाला नव्हता. पाऊस पडला की त्या मुरमातून पाझरलेलं पाणी थोडं थोडं डिझेल विहिरीला परत करत होतं. प्राध्यापक फळ्यावर रेघा ओढत होते आणि मला आमचं इंजिनघर दिसत होतं.

गेली सतरा वर्षं मी हेच काम करते. जुन्या पेट्रोल पंपांखालची जमीन आणि पाणी तपासायचं, दूषित असेल तर काय करायचं ते ठरवायचं, आणि मग वर्षानुवर्षं बघत राहायचं. अमेरिकेत पन्नास-साठच्या दशकांत हजारो पंपांखाली साध्या पोलादी टाक्या पुरल्या गेल्या. पोलाद ओल्या मातीत गंजणारच. १९८४ मध्ये तिथल्या संसदेनं भूमिगत टाक्यांसाठी कायदा केला. जुन्या टाक्या सुधारा, बदला नाहीतर बंद करा यासाठी १९९८ च्या २२ डिसेंबरची मुदत होती. १९८४ पासून आजवर त्या देशात साडेपाच लाखांहून जास्त गळत्यांची नोंद झाली आहे. एकेक गळती म्हणजे कुणाचं तरी इंजिनघर.

माझ्या कामातली हत्यारं आजीला दाखवली असती तर ती हसली असती. बेलर म्हणजे पोहराच: तीन फूट लांब, दीड इंच जाड, प्लॅस्टिकचा, तळाशी गोळीची झडप असलेला. नमुन्यासाठी जमिनीत उभ्या पुरलेल्या दोन इंची नळीत तो दोरीनं सोडायचा आणि पाणी वर काढायचं. नमुना घेण्याआधी नळीतलं शिळं पाणी काढून टाकायचं. जुनी पद्धत तीन वेळा नळी रिकामी होईल इतकं काढायची, हल्ली सावकाश पंपानं काढतात. त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे, मी मनात उपसाच म्हणते. तेल आणि पाणी यांची सीमा शोधायला एक टेप असते. तिच्या टोकाला तेल लागलं की सलग सूर, पाणी लागलं की तुटक. मग चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या काठोकाठ भरायच्या, बूच लावायचं, उलट्या करून बोटानं टिचकी मारायची आणि आत बुडबुडा आहे का बघायचं. वाटाण्याएवढा जरी बुडबुडा असला तरी पाण्यातलं बेंझिन (पेट्रोलमधला विषारी, चटकन उडून जाणारा घटक) त्यात निसटतं आणि प्रयोगशाळेला जमीन आहे त्यापेक्षा चांगली दिसते. ही टिचकीची सवय इतकी अंगात भिनली आहे की घरात लोणच्याची बरणी भरतानाही माझं बोट आपोआप काचेवर जातं.

बेंझिनचा हिशोब एकदा सांगते. एक लिटर पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझिन धरलं तर ते साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला पाच मायक्रोग्रॅम. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधलं बेंझिन पंधरा लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकतं. तीस-बत्तीस फूट पाणी असताना आमच्या विहिरीसारख्या पाच विहिरी. आमचं नशीब, ते डिझेल होतं. डिझेलमध्ये बेंझिन अगदी थोडं. ते रेंगाळतं जास्त, पण पाण्यात विरघळतं कमी.

साफ करायचे मार्ग बरेच आहेत. माती उकरून ट्रकनं दुसरीकडे नेता येते. वरवरची असेल तर हाच मार्ग सरळ, मात्र ती 'दुसरीकडे' असलेली जागाही कुणाच्या तरी गावात असते. जमिनीतली हवा ओढून घेता येते, म्हणजे पेट्रोलची वाफ निघून येते. पाण्याखाली हवेचे बुडबुडे सोडता येतात. आणि पाणी उपसून, कोळशातून गाळून सोडून देता येतं. ऐंशीच्या दशकात या उपशावर सगळ्यांचा फार विश्वास होता. तेलकट पातेलं साबण न लावता नुसत्या पाण्यानं विसळत बसावं, तसं ते होतं. पहिल्या दोन पाण्यांत बरंच तेल निघतं, मग निघतच नाही, आणि पातेलं तर तेलकटच. पंप बंद केला की काही महिन्यांत आकडे पुन्हा चढतात. आबांनी ओंजळभर पाणी पिऊन दाखवल्यासारखे कितीतरी अहवाल मी वाचले आहेत.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते बेमिजीच्या जंगलानं. मिनेसोटाच्या उत्तरेला, बेमिजी गावाजवळ, १९७९ च्या २० ऑगस्टला कच्च्या तेलाची चौतीस इंची पाइपलाइन फुटली आणि सतरा लाख लिटर तेल पाइन वृक्षांच्या मधोमध उडालं, सांडलं, डबक्यांत साचलं. कंपनीनं पंप लावले, काही तेल जाळलं, माती उकरून नेली. तरी सुमारे चार लाख लिटर जमिनीत राहिलं. मग तिथे एक वेगळी गोष्ट घडली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं १९८३ पासून ती जागा अभ्यासासाठी घेतली. उरलेल्या तेलाचं जमीन काय करते ते मोजत राहायचं, असं ठरलं. चाळीस वर्षं उलटली, अजून मोजताहेत.

मी दोनदा गेले आहे तिथे. बाहेरून बघण्यासारखं काही नाही. वाळू, पाइन, डास आणि झाडीत जिकडेतिकडे उभ्या असलेल्या नळ्यांची टोपणं. पण एका नळीचं टोपण काढलं आणि तो वास आला, चाळीस वर्षांपूर्वीचा, ताजा. माझ्याबरोबरचे लोक आकडे टिपत होते. मी दोन पावलं मागे सरले.

तिथे सापडलं ते असं. मातीतले जिवाणू तेल खातात. त्यांना बाहेरून आणावं लागत नाही, ते तिथेच असतात. आधी ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. तो संपला की मातीतलं मँगनीज, मग लोखंडाचा गंज वापरून श्वास घेतात. बेमिजीच्याच पाण्याचे आणि मातीचे पुरावे घेऊन १९८९ साली 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं: प्राणवायू नसतानाही, गंजाच्या आधारावर, जिवाणू बेंझिनच्या जातीचे पदार्थ फोडतात. १९८९, म्हणजे आमचे ग्रामसेवक टीसीएल ओतत होते तेच वर्ष. गंजही संपला की मिथेन तयार व्हायला लागतो आणि वर येताना त्यातला बराचसा वाटेतच दुसऱ्या जिवाणूंच्या पोटात जातो. या खाण्याची ऊब इतकी असते की तेलाच्या आसपासची जमीन थोडी गरम लागते आणि ती थर्मामीटरनं मोजता येते. तेलातून विरघळलेल्या द्रव्यांची जी शेपटी पाण्याच्या प्रवाहाबरोबर पुढे सरकते, ती या खाणाऱ्यांमुळे वाटेल तितकी लांब जात नाही. कॅलिफोर्नियात १९९५ मध्ये गळक्या टाक्यांच्या शेकडो जागा तपासल्या, तेव्हाही बेंझिनची शेपटी बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आतच थांबलेली दिसली.

इथे आनंद मोहन चक्रवर्तींची आठवण येते. बंगालचे, अमेरिकेत स्थायिक झालेले. तेल खाणारा जिवाणू त्यांनी प्रयोगशाळेत घडवला आणि त्याच्या पेटंटसाठी १९७२ मध्ये अर्ज केला. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. जिवंत वस्तूचं पेटंट! जगभर गाजलं ते. आणि बेमिजीच्या वाळूत बिनपेटंटवाले आपले निवांत जेवत होते.

१९९९ मध्ये अजून तेल काढाच असं ठरलं आणि २००३ पर्यंत दुहेरी पंपांनी उपसा झाला. सव्वा लाखाला थोडं कमी इतकं लिटर निघालं. तेव्हा जमिनीत असलेल्या तेलाचा हा तिसऱ्या हिश्शाहून मोठा वाटा. ऐकायला उत्तम. पण विहिरींमधली तेलाची सरासरी जाडी जवळजवळ होती तेवढीच राहिली. आणि तेलाबरोबर निघालेलं पाणी वरच्या अंगाला जमिनीत परत जिरवलं होतं, त्यानं प्राणवायू नसलेल्या पाण्याची एक नवीनच शेपटी तयार केली. हे मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. सांगताना आबांचा चेहरा डोळ्यांसमोर असतो.

जमीन स्वतःच निस्तरते त्याला आमच्या धंद्यात लांबलचक नाव आहे. मी ते मराठीत कसं म्हणायचं यावर बराच विचार केला आणि शेवटी आजीकडेच आले: निवळणं. नजर ठेवून निवळू देणं. 'शुद्ध करणं' यात करणारा कुणी लागतो. निवळण्याला नाही लागत. निवळीच्या बिया उगाळून गढूळ पाण्यात घालायचे, तेव्हासुद्धा पाणी आपलं आपण निवळायचं. बीनं फक्त मदत केलेली असायची.

तरी या शब्दाच्या प्रेमात फार पडू नये, हेही बेमिजीनंच शिकवलं. जिवाणू गंज वापरतात म्हणाले ना, त्या गंजाला नैसर्गिक आर्सेनिक चिकटलेलं असतं. गंज विरघळला की तेही सुटतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या पाण्यात लिटरला दोनशे तीस मायक्रोग्रॅमपर्यंत आर्सेनिक सापडलं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा दहा. म्हणजे तेल निवळत होतं आणि त्या निवळण्यातूनच दुसरं विष मोकळं होत होतं. तेलाचेच आकडे बघत बसलेल्याला ते दिसलं नसतं. दिसलं, कारण कुणीतरी तीस-पस्तीस वर्षं न कंटाळता तिथे येऊन, न मागितलेल्या गोष्टीही मोजत होतं. 'आपोआप होईल' म्हणून पाठ फिरवणाऱ्या मालकांशी मी वाद घालते तो याच जोरावर. आजी चार वर्षं रोज वास घेत होती. तिनं विहिरीकडे पाठ फिरवली नव्हती.

आता एक खटकणारी गोष्ट. मिनेसोटात मी ज्या विहिरींतून नमुने घेते त्या खास त्यासाठीच खोदलेल्या असतात. त्यातलं पाणी कुणी पीत नाही. मराठीत त्यांना निरीक्षण विहिरी म्हणतात. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण आपल्याकडे इंधन मुरतं तेव्हा निरीक्षणाचं काम बहुतेक वेळा न विचारता पिण्याच्या विहिरीवर येऊन पडतं, आणि टेपचं काम माणसाच्या नाकावर. २०१३ मध्ये उत्तर चेन्नईतल्या तोंडियारपेटमध्ये लोकांच्या बोअरमधून डिझेल मिसळलेलं पाणी यायला लागलं. रस्त्याखालून जाणारी इंधनाची वाहिनी गळत होती. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. २०२४ मध्ये गोव्यात दाबोळीजवळ माटवे भागात विहिरींत पेट्रोल उतरलं. तिथेही आधी कळलं ते विहिरीशी गेलेल्या माणसांना. तिथल्या भेगाळ जांभ्यातून पेट्रोल कसं पळत असेल, याची कल्पना करून मला त्या रात्री झोप आली नव्हती. फोनवरच्या त्या फोटोंत पाण्यावर तोच मोरपिशी रंग होता.

वाळूत शेपटी निदान एका दिशेनं, अंदाजानं सरकते. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून चालतं. पंपाला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि दोन शेतं सोडून पलीकडची दूषित, असंही होऊ शकतं. तिथे भोक कुठे पाडायचं हे ठरवायला पाणाड्याचीच विद्या लागेल, असं मी एकदा एका परिषदेत गमतीनं म्हटलं. कुणी हसलं नाही. भाषांतरात गेलं असावं.

आणि इथेनॉल! आमच्या भागातल्या उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. मिनेसोटात मक्याचं दहा टक्के केव्हापासून आहे. हवेसाठी, शेतकऱ्यासाठी त्याचे फायदे असतील. पण जमिनीखाली जिवाणू पंगतीत बसलेल्या पोरांसारखे वागतात: आधी गोड. इथेनॉल आधी संपवतात, त्यात सगळा प्राणवायू खर्च करतात आणि बेंझिन ताटात तसंच राहतं. त्याची शेपटी मग लांबते. गावी गेले की साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या चुलतभावाला मी हे सांगते. तो म्हणतो, "तायडे, तुला प्रत्येक गोष्टीत गळतीच दिसते." खरं आहे.

आमची विहीर आता नाही. २०१७ मध्ये रस्ता रुंद झाला त्यात गेली. तात्यांनी फोनवर सांगितलं: दोन दिवस टिप्पर येत होते, मुरूम ओतत होते. आधी त्यांनी नारळ फोडला आणि काकूनं हळदीकुंकू वाहिलं. "आत पानी होतं गं अजून. चांगलं होतं," असं ते दोनदा म्हणाले. मला विचारायचं होतं की वास होता का. विचारलं नाही.

गेल्या ऑक्टोबरात माझ्याकडच्या एका पंपाची फाइल बंद झाली. चौदा वर्षं मी तिथे जात होते. मालक तीनदा बदलले, मागचं मॅपलचं झाड छपराच्या वर गेलं. सलग आठ तिमाह्या बेंझिन मर्यादेखाली राहिलं आणि कार्यालयाचं पत्र आलं की यापुढे काही करण्याची गरज नाही. पत्रानंतर नळ्या बुजवाव्या लागतात, तसा नियमच आहे. उघडी नळी म्हणजे वरची घाण खाली जायला सरळ वाट. परवानाधारक ठेकेदार सिमेंटचा गारा कालवत होता. मला तिथे जायची तशी गरज नव्हती, तरी गेले. त्याला म्हटलं, पाच मिनिटं थांब. टोपण काढलं, टेप खाली सोडली. तुटक सूर आला. सलग सुराची वाट बघितली, आला नाही. मग पोहरा सोडला, पाणी वर काढलं, कुपीत भरलं, उलटी करून टिचकी मारली. हा नमुना कुठेच जाणार नव्हता. बूच काढून मी तो नाकाशी धरला. असं करू नये असं मीच नव्या मुलांना शिकवते.

वहीत शेवटची नोंद केली. पाण्याची खोली : १४.३२ फूट. तेल : नाही. शेरा : वास नाही.

ठेकेदारानं विचारलं, "ओतू?"